उघडं घ्यायचं, बंद सांगायचं

आमच्या लॅबमध्ये नवीन पोर लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवायच्या, हे काम माझं. एक म्हणजे जाड माणसाच्या हातात शीर कशी शोधायची. दुसरी म्हणजे पहिला पगार झाला की घरी काय सांगायचं. पहिली गोष्ट सर्टिफिकेटच्या अभ्यासक्रमात असते, तरी कुणाला येत नाही. दुसरी कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, पण ती मी अशी काही शिकवायचे की पोरं दोन दिवसांत तयार व्हायची. आता शिकवत नाही. का, ते सांगते.

सतरा वर्षं मी ह्या तळघरात आहे. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत रक्त घेतात, आतल्या खोलीत मशिनं. सगळे मला ताई म्हणतात, मालक डॉक्टरसुद्धा, आणि मी सगळ्यांवर ओरडते, मालक डॉक्टर सोडून. सकाळी सहाला चार जण पाठीवर थंड पेट्या घेऊन घरोघरी रक्त आणायला निघतात, साडेनऊपर्यंत परत येतात. मग जांभळ्या टोपणाच्या नळ्या एका स्टँडला, लाल टोपणाच्या दुसऱ्या. लाल नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालायच्या, झाकण लावायचं, दहा मिनिटं त्या आत गरगरतात, रक्त खाली बसतं आणि वर पिवळं पाणी येतं. ती दहा मिनिटं आमची चहाची. जन्मातले सगळे सल्ले मी ह्याच दहा-दहा मिनिटांत दिलेत.

हा पैशांचा सल्ला मी काही पुस्तकात वाचला नव्हता. लग्नानंतरच्या सहा वर्षांत माझ्या पगारावर माझ्या दोन दिरांनी तीन दुकानं काढली. तिन्ही बसली. 'पैसे नाहीत' म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, पगार तर एक तारखेला झाला. 'देत नाही' म्हटलं की महिनाभर घरात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, नवरासुद्धा. मग एकदा, काहीच सुचेना म्हणून, मी म्हटलं, "आहेत हो पैसे, पण अडकलेत. पाच वर्षांची मुदत आहे, मध्ये काढता येत नाहीत." आणि काय सांगू तुम्हाला, घर एकदम शांत. धाकटा दीर तर मलाच म्हणाला, "अरेरे वहिनी, तुम्हाला चांगलंच गुंडाळलं की त्यांनी." नाही म्हणणारी बाई वाईट ठरते, पण अडकलेली बाई बिचारी ठरते. मला बिचारी व्हायला काही हरकत नव्हती.

पण खरोखर अडकवायचे नाहीत हं. तेवढी मी वेडी नाही. उद्या आपल्यालाच गरज लागली तर? म्हणून माझं वाक्य ठरलेलं होतं: उघडं घ्यायचं, बंद सांगायचं. म्हणजे पैसे अशा फंडात टाकायचे की फोनवर बटण दाबलं की तीन दिवसांत खात्यात. आणि घरी सांगायचं, कुलूप आहे.

लोकांना वाटतं, शहरातली तरुण पोरं पैसे गुंतवताना नफा बघतात, व्याज बघतात, जाहिराती बघतात. बघत असतील कुठे. आमच्या लॅबमधली सहाच्या सहा पोरं एकच गोष्ट बघायची, की घरच्यांना पटेल असं कुलूप कुठलं. कुणाची आत्या, कुणाचा मेहुणा, कुणाचा मावसभाऊ. रिसेप्शनवरच्या पोराने तर स्वतःच एक कागद छापून आणला होता, 'मुदत पाच वर्षे' असा, वर गोल शिक्काही. तो त्याने आत्याला दाखवला. आत्या म्हणाली, शिक्का फार छान आहे.

आणि मग मुंगी आली.

हे तिचं नाव नव्हे. बावीस वर्षांची होती तेव्हा, किडकिडीत, बोटं लांब, बोलणं जेवढ्यास तेवढं. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांचं रक्त घेऊन आली आणि तासाभरात त्यांचा फोन. म्हणाले, "मघाची मुलगीच पाठवत जा. सुई टोचली का मुंगी चावली तेच कळलं नाही." झालं, नाव पडलं. तीन महिन्यांत अशी वेळ आली की लोक फोनवर विचारायचे, मुंगी आहे का, आणि नसेल तर म्हणायचे, मग उद्या. सुईच्या कामात ह्याहून मोठा मान नाही. मला सतरा वर्षांत मिळालेला नाही.

पण तिला सुईवर थांबायचं नव्हतं. तिचा डोळा आतल्या खोलीवर, मशिनांवर. त्याला दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो, संध्याकाळचे वर्ग असतात, आणि फी एकदम भरावी लागते, ऑगस्टमध्ये. पहिल्या वर्षी तिने दहा महिने साठवले. साध्या बचत खात्यात, सगळ्यांना माहीत होईल असे. जुलैत दादाच्या टेंपोचं इंजिन बसलं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याला मी वाईट म्हणणार नाही, म्हणावंसं वाटतं तरी. कष्टाळू माणूस, टेंपोवर फर्निचर वाहायचा. पण त्याची प्रत्येक अडचण फिरून फिरून बहिणीच्या खात्यापाशी येऊन उभी राहायची. "दोन महिन्यांत देतो" म्हणायचा, आणि म्हणताना त्याला स्वतःला ते खरंच वाटायचं. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. मुंगी सेंट्रिफ्यूजपाशी उभी राहून रडली, आवाज न करता, नळ्यांवर बारकोड चिकटवत. एकही बारकोड वाकडा लागला नाही, ते बघून मला जास्त संताप आला.

"किती दिलेस?"

"सगळे."

"का?"

"होते म्हणून."

"बस इथे," मी म्हटलं. "आज दुसरा धडा."

तिच्या फोनवर मीच फंड उघडून दिला. दर महिन्याला पाच तारखेला रक्कम आपोआप वळती. तिने बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं, आणि विचारलं, "ताई, ह्यात मुदत नाहीच. मग खऱ्या मुदतीचंच घेऊ का? म्हणजे खोटं बोलायला नको."

ऐकलंत? तिने विचारलं होतं. आणि मी काय म्हटलं? "वेडी आहेस का? खरं कुलूप लावलंस आणि घरात कोण आजारी पडलं तर काय करशील?" हे माझेच शब्द. ते मी आज विसरायला बघते तर विसरता येत नाहीत.

मग तालीम. मी दादा झाले. कमरेवर हात ठेवून म्हटलं, "अगं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." ती म्हणाली, "बरं." सगळे फिस्सकन हसले. "बरं काय बरं! अशीच राहिलीस तर डोक्यावर मिरी वाटतील तुझ्या." दुसऱ्यांदा तिला हसू आलं. तिसऱ्यांदा मात्र तिने मान खाली घातली आणि इतक्या अजिजीने म्हणाली, "दादा, असते तर दिले नसते का रे? दोन वर्षांची मुदत आहे, हातच लावता येत नाही," की रिसेप्शनवरचा पोरगा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मला पण खरं वाटलं."

दोन वर्षं तिनेच ठरवली. दोन वर्षांत दोन्ही वर्षांची फी जमणार होती, म्हणजे त्या ऑगस्टला कुलूप उघडलं असं सांगून सरळ प्रवेश घ्यायचा. हिशोब पक्का होता. घरी चार वेळा परीक्षा झाली, चारही वेळा ती पास. टायर, विमा, पुतण्याच्या शाळेची सहल, आणि एकदा नुसतंच, असेच लागत होते. दादा कुरकुरला आणि दुसरीकडून आणायला शिकला. पुतण्याच्या सहलीचे मात्र तिने पगारातून दिले, गुपचूप.

आता तिच्या बाबांविषयी. त्यांच्या घरात तीनच माणसं राहायची, म्हणजे दादा-वहिनी आणि पोर वेगळी, दोन गल्ल्या सोडून. तिसऱ्या मजल्यावरची दीड खोली, त्यात बाप-लेक. आई तिच्या लहानपणीच गेलेली... बघा, मी तीन म्हटलं. आईचा फोटो धरून तीन, असं तिचे बाबाच म्हणायचे. तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी तुकडा बाजूला टाकायचा, अशी सवय. घरात भाजी चिरायचे तर सगळे तुकडे सारखे. बायकोच्या आजारात त्यांनी एक ठेव मुदतीआधी मोडली होती. व्याज गेलं, दंड गेला, आणि बायकोही गेली. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावलेला: मुदत मोडायची नाही. मुलीने पैसे मुदतीवर ठेवले म्हटल्यावर त्यांना कोण आनंद. मला निरोप पाठवला, ताईंना म्हणावं, पोरीला चांगली सवय लावलीत.

ऑक्टोबरमध्ये एकदा, दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, जेवताना त्यांनी विचारलं, "तुझं ते कुलूप कधी उघडतं ग?"

मुंगीला वाटलं, दादाने बाबांना पुढे केलं. त्याआधीच्याच आठवड्यात दादा येऊन गेला होता. तिचं डोकं फिरलं. "ऑगस्टला, बाबा. सांगितलंय ना."

"आधी काही सोय? थोडे काढायचे म्हटले तर?"

"एक तास आधी नाही. माणूस मेला तरी उघडत नाही ते."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. मुदत म्हणजे मुदत." जेवण झाल्यावर उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं मागे उलटून काहीतरी बघितलं, आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने हे आम्हाला सांगितलं. जरा अपराधी वाटत होतं तिला. "बाबांना असं तोडून बोलायला नको होतं," म्हणाली. मी म्हटलं, "हीच तर खरी परीक्षा. बापापुढे टिकलीस, आता तुला मरण नाही." आणि मी तिच्या पाठीवर थाप मारली.

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही घरच्यांचं रक्त तपासतो. नळीवर नाव नाही, बारकोड नाही, टोपणावर नुसती पांढरी चिकटपट्टी. नोंद नाही, बिल नाही. मालक डॉक्टरांना माहीत आहे, ते तेव्हा वर्तमानपत्र वाचतात. मुंगी लागल्यापासून तिच्या बाबांची नळी दर महिन्याला यायची. साखर थोडी वर, बाकी ठणठणीत. त्या ऑक्टोबरपासून ती नळी यायची थांबली.

"बाबांचं नाही आणलंस?" मी विचारलं होतं. नाही असं नाही.

"नको म्हणतात. हात दुखतो म्हणे सुईने."

"तुझ्या सुईने? म्हाताऱ्यांचे नखरे," मी म्हटलं आणि विषय संपवला.

अजूनही एक होतं, ते तिने मला फार नंतर सांगितलं. बाबा संडासात बादल्यांवर बादल्या पाणी ओतायला लागले होते. ती चिडायची. "बाबा, पाणी वरपर्यंत चढवून आणावं लागतं, काय लावलंय हे?" ते म्हणायचे, "स्वच्छता बरी असते." शहरातल्या निम्म्या लोकांच्या लघवीच्या बाटल्या उचलणारी पोर ती. तिच्या घरातल्या भांड्यात आठ महिने लाल जात होतं, आणि बाप ते तिच्या आधी धुऊन टाकत होता. दुखत नव्हतं ना. ह्या रोगात सुरुवातीला दुखत नाही, हीच त्याची हरामखोरी.

मे महिन्यात बाबा जिन्यात बसले. दुसऱ्या मजल्यावर, पिशवी मांडीवर घेऊन, आणि उठेनात. मुंगी कामावरून येत होती, पाठीवर रिकामी पेटी. तिने त्यांची खालची पापणी ओढून बघितली. आतून कागदासारखी पांढरी. तिथेच, पायरीवर बसून तिने रक्त काढलं. शेजारच्यांना त्यांच्यापाशी बसवलं आणि नळी घेऊन धावत लॅबमध्ये आली, टोपणावर पांढरी पट्टी लावून. सवयीने लावली. शनिवार नव्हता.

मशिनवर मीच होते. हिमोग्लोबिनचा आकडा आला पाच पूर्णांक आठ. चांगल्या माणसाचं तेरा-चौदा असतं. मला वाटलं, नमुना कमी पडला. नळी हलवली, परत लावली. पाच पूर्णांक सात.

"ताई, चुकलंय ना हे?"

"हो ग, चुकलंय. थांब." तिसऱ्यांदा लावली. पाच पूर्णांक आठ. मशीन चुकत नव्हतं. तिने नळी उचलली, डब्यात टाकली आणि हातमोजे काढले. मी ॲप्रन तसाच ठेवून तिच्याबरोबर निघाले.

हॉस्पिटलमध्ये रक्त चढवलं, फोटो काढले, दुर्बीण घालून बघितलं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. बाबा चाकांच्या खुर्चीत, मुंगी त्यांच्या मागे, दादा दारापाशी, मी त्याच्या शेजारी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ बोलल्या. मूत्राशयात गाठ आहे. भिंतीच्या पार गेली आहे. मोठं ऑपरेशन करावं लागेल, आधी औषधं, आणि तरीही खात्री नाही.

"पहिल्यांदा लाल कधी दिसलं?" त्यांनी विचारलं.

"सप्टेंबरच्या शेवटी," बाबा म्हणाले. माणूस हिशेबी, तारीखसुद्धा सांगितली.

"मग तेव्हाच का नाही आलात? तेव्हा दुर्बिणीतून खरवडून निघालं असतं. तिसऱ्या दिवशी घरी गेला असतात."

बाबांनी आधी मुंगीकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. आणि अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "डॉक्टर, त्याचं असं आहे. मुलाच्या डोक्यावर टेंपोचं ओझं. मुलीचे पैसे मुदतीवर आहेत, ऑगस्टमध्ये सुटतात. मी आधी बोललो असतो तर तिने ते तोट्यात मोडायला धावाधाव केली असती, नाहीतर कुणापुढे हात पसरला असता. म्हटलं, दुखत तर नाही, तेवढं काढू. आता तीनच महिने राहिलेत. तोपर्यंत गोळ्यांवर भागेल का?"

मी मुंगीकडे बघू शकले नाही. खुर्चीच्या दांड्यावर तिची बोटं दिसत होती, तेवढीच बघितली.

बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली, फोन काढला आणि सगळी रक्कम काढायचं बटण दाबलं. अंगठा ठेवला, हिरवी खूण आली. एवढंच. ज्या दाराशी तो माणूस आठ महिने रक्त सांडत उभा होता, त्याला कडीसुद्धा नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी पैसे खात्यात. संदेश आला तेव्हा फोन बाकावर पडला होता आणि शेजारी दादा बसला होता. त्याने वाचला. परत वाचला. मग फोन पालथा करून ठेवला आणि खालच्या औषधाच्या दुकानात गेला.

बाबांना सांगणं भाग होतं. औषधं सुरू झाली म्हणजे पैसे कुठून आले ते ते विचारणारच. मी तिला म्हटलं, "काहीतरी सांग. नाहीतर मी सांगते." ती म्हणाली, "तुम्ही नका काही सांगू, ताई." आणि आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, पैसे मिळाले. ते म्हणाले, घरात मोठं आजारपण असेल तर मुदतीआधी देतात. दंड नाही, काही नाही."

बाबांचा चेहरा असा उजळला की बघवेना. "दंडसुद्धा नाही? भली माणसं दिसतात." मग थोडा वेळ ते वर पंख्याकडे बघत राहिले. मनात काहीतरी जुळवत होते, लेथवर माप घेताना बघत असतील तसे. आणि तिचा हात थोपटून म्हणाले, "असं असतं हे ठाऊक असतं, तर मी आधीच बोललो असतो की ग."

रागाने नाही, टोमणाही नाही. चुकलं तर माझंच, चौकशी नीट केली नाही, अशा सुरात. मुंगी म्हणाली, "मलाही माहीत नव्हतं, बाबा." आणि त्यांची उशी सरळ केली.

पुढचे अडीच महिने सगळे पैसे तिथे गेले. ऑपरेशन झालंच नाही, त्याआधीच ते फुप्फुसात पोचलं. मी दर रविवारी जायचे. एकदा ठरवून गेले की आज सांगायचं. मुंगी औषधं आणायला खाली गेली होती. मी म्हटलं, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. ते पैशांचं मीच तिला..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "ठाऊक आहे हो, ताई. तुम्हीच तिला ठेवायला लावलेत. तुम्ही नसतात तर पोराच्या टेंपोतच गेले असते सगळे. आज इलाज चाललाय तो तुमच्यामुळे." आणि त्या काटकुळ्या हातांनी मला नमस्कार केला. मी तोंड मिटून बसले. थुत माझ्या जिंदगानीवर, पण बसले.

जुलैच्या एकवीस तारखेला सकाळी ते गेले. भिंतीवर कॅलेंडर होतं, ऑगस्टच्या एक तारखेला पेन्सिलीने बारीक गोल केलेला. ते वहिनीने उतरवलं, मुंगीला दिसायच्या आत असं तिला वाटलं. मुंगीने तो गोल जानेवारीतच बघितला होता. तिला वाटलं होतं, बाबांना तिच्या प्रवेशाची आठवण ठेवायची असेल.

दादाने त्यानंतर तिच्याकडे एक पैसा मागितलेला नाही. आम्हाला हेच तर हवं होतं. घरी येतो, दारातूनच विचारतो, काही हवंय का, आणि जातो. टेंपो विकला, आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. तिने एकदा त्याला म्हटलं, "दादा, मला बोल तरी काहीतरी." तो म्हणाला, "काय बोलू? मी एवढं मागितलं नसतं तर तुला कुलूप लावावं लागलं नसतं." दोघं दोन बाजूंनी एकच दगड डोक्यावर घेऊन बसलीत.

आणि तिसरी मी. मी एकदा विचारलं तिला. दहा मिनिटांत, चहा हातात. "माझ्यावर राग आहे ना तुझा?"

ती बारकोड चिकटवत होती. "रागावून जाऊ कुठे, ताई? उद्या सहाची ड्यूटी तुमच्याबरोबरच आहे."

नाही म्हणाली नाही, बघा.

परवा कॉलेजची एक मुलगी आली. प्रकल्प होता तिचा, शहरातले तरुण पैसे कशात गुंतवतात आणि का. अठरा ते तीस वयाच्या नोकरदारांकडून फॉर्म भरून घेत होती. चांगली मुलगी, प्रत्येकाला एकेक पेन वाटलं. आमच्या पोरांनी पटापट खुणा केल्या. नफा, सुरक्षितता, कर वाचतो, मित्रांनी सांगितलं. रिसेप्शनवरच्या पोराने 'सुरक्षितता'वर खूण केली आणि माझ्याकडे बघून डोळा मारायला गेला, मग त्याच्या लक्षात आलं, मुंगी समोरच बसलीय. मी त्या मुलीला म्हणणार होते की बाई, तुझ्या कागदावर भाऊ असा रकाना नाही, दीर असा नाही, बाप असा नाही, मग तुला काय डोंबलं कळणार आहे? पण माझी जीभ आता पूर्वीसारखी चालत नाही.

मुंगीने हातमोजे काढून फॉर्म घेतला. आधी वाटलं, कोरा देईल. पण तिने पहिल्यापासून नीट वाचला, फंडाची बारीक अक्षरं वाचली होती तसा. मी तिच्या मागे नळ्या लावत होते, मला सगळं दिसत होतं. 'तुम्ही हा पर्याय का निवडलात?' सहा चौकोन होते. तिने पाचव्यावर खूण केली: गरज पडल्यास पैसे लगेच मिळतात. 'सल्ला कोणाचा घेतलात?' बँक, कुटुंब, मित्र, इंटरनेट, सहकारी, स्वतःचा निर्णय. तिथे तिचं पेन बराच वेळ थांबलं. मग तिने 'सहकारी'वर खूण केली, 'स्वतःचा निर्णय'वरही केली.

"एकावरच करायची हं," ती मुलगी गोड आवाजात म्हणाली. "ज्याचा प्रभाव जास्त, त्यावर. दुसरी खोडा."

मुंगीने मान वर केली नाही. तिने 'सहकारी' खोडलं. इतकं गिरवून खोडलं की कागद फाटला, आणि फॉर्म परत दिला.

मी तिथेच उभी होते, हातात लाल टोपणाच्या नळ्या. तिने मला वाचवलं की मला त्यातूनही काढून टाकलं, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

"ताई," ती म्हणाली, "सेंट्रिफ्यूज थांबलंय."